आवाज कसा, की आवाज केव्हा? : जीपच्या डिफरन्शियलमधील बिघाडाचे निदान आणि दुरुस्ती

भाषाशास्त्राच्या विभागीय पत्रिकेत मोटारगाडीच्या मागच्या आसाविषयी लेख यावा, याचे वाचकांस नवल वाटेल. हा लेख लिहिण्यास दोन कारणे आहेत. बोलींच्या अभ्यासासाठी आपले विद्यार्थी अनेकदा जुन्या, भाड्याने घेतलेल्या अथवा मागून आणलेल्या गाड्यांतून घाट उतरतात. त्या गाड्यांच्या आवाजाचा अर्थ वेळीच कळणे हा त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. हे पहिले कारण. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. ध्वनींचे वर्णन करणे हा ज्याचा व्यवसाय, त्याने एका आवाजाचे चुकीचे निदान कसे केले आणि एका मिस्त्रींनी ते कोणत्या रीतीने दुरुस्त केले, हे सांगण्याजोगे आहे. त्यांची रीत आपल्या शास्त्रास परकी नाही. आपल्याला ती माहीत असूनही मी ती वापरली नाही, एवढेच.

१. घडलेला प्रसंग

माझ्याकडे विलीज जातीची एक जुनी जीप आहे. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे दीर्घकाळ महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतकरी, कंत्राटदार आणि सरकारी खाती यांचा त्यांच्यावरच भर होता. दोन वर्षांपूर्वी या गाडीच्या मागच्या बाजूने एक आवाज येऊ लागला. तो मला प्रथम घाटात ऐकू आला आणि डाव्या अंगास अधिक जाणवला. माझ्या कानाविषयी मला भरवसा होता. मी गॅरेजमध्ये जाऊन ठामपणे सांगितले, ‘मागच्या डाव्या चाकात घरघर आहे.’ गॅरेजवाल्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या चाकाचे बेअरिंग बदलले. आवाज गेला नाही. मग उजव्या चाकाचे बदलले. तरीही तो गेला नाही. ‘जुनी गाडी आहे, थोडा आवाज चालायचाच,’ असे एकमेकांचे समाधान करून आम्ही तो विषय सोडून दिला.

त्यानंतर महिन्याभराने चार विद्यार्थ्यांसह फोंडा घाट उतरत असता घरघरीत एकाएकी ठोके मिसळले. गाडी कडेला घेऊन उभी केली, म्हणून अनर्थ टळला. तुटलेल्या दात्याचा तुकडा दोन दंतचक्रांच्या मध्ये अडकला असता, तर उतारावर मागची चाके जागच्या जागी जखडली असती. गाडी ओढून घाटाखाली आणली आणि कणकवलीच्या बाजूच्या एका मिस्त्रींना दाखविली. मी आवाजाचे वर्णन करण्यास आरंभ करताच त्यांनी मला थांबविले आणि म्हणाले, ‘सर, आवाज कसो येता ता ऱ्हवांदे, कधी येता ता सांगा.’

या एका वाक्यात निदानाची सर्व पद्धती आहे. पुढील विवेचन हे त्या वाक्याचे भाष्य समजावे.

२. यंत्राची रचना

आवाज केव्हा येतो यावरून तो कोठून येतो हे कसे कळते, हे समजण्यासाठी रचना ध्यानात घेतली पाहिजे. इंजिनाची फिरती शक्ती गिअरबॉक्समधून आणि जीपच्या बाबतीत पुढे ट्रान्स्फर बॉक्समधून निघून लांब शाफ्टद्वारे मागच्या आसापर्यंत येते. शाफ्टच्या टोकाशी पिनियन नावाचे लहान दंतचक्र असते. ते क्राऊन नावाच्या मोठ्या दंतचक्रास फिरविते. येथे दोन गोष्टी साधतात. गाडीच्या लांबीच्या दिशेने असलेले भ्रमण काटकोनात वळून चाकांच्या आसाच्या दिशेस येते, आणि वेग कमी होऊन त्या प्रमाणात पीळ वाढतो. या जातीच्या अनेक जीपगाड्यांत पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दाते असतात. म्हणजे पिनियनच्या ५.३७५ फेऱ्या झाल्या, की क्राऊनची एक फेरी होते. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचाच आधार घ्यावयाचा आहे.

आता डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतल्यावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेसात मीटर अधिक चालते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच अखंड आसाला घट्ट जोडली, तर प्रत्येक वळणावर एक तरी चाक रस्त्यावर घासटत जाईल. ही अडचण दूर करणारी योजना फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने इ. स. १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. आजच्या गाडीतील योजना तत्त्वतः तीच आहे. क्राऊनला एक पोकळ केज घट्ट बसविलेला असतो. त्या केजमध्ये एका आडव्या पिनेवर दोन लहान दंतचक्रे असतात. त्यांच्या दोन्ही अंगांस दोन बाजूचक्रे असून त्यांतून डाव्या व उजव्या चाकांचे एक्सल निघतात.

गाडी सरळ चालली असता हा सर्व संच एकसंध पिंडाप्रमाणे फिरतो. आतली लहान चक्रे स्वतःच्या पिनेभोवती मुळीच फिरत नाहीत. वळणावर मात्र ती पिनेभोवती फिरू लागतात आणि एका चाकाचा वेग जितका घटतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी नेहमी क्राऊनच्या वेगाएवढी असते. चिखलात रुतलेल्या गाडीचे एक चाक गरगर फिरते आणि दुसरे स्तब्ध राहते, त्याचे कारण हेच. पीळ दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच वाटला जातो. ज्या चाकाला पकड नाही त्याला थोडाच पीळ पुरतो, आणि म्हणून पकड असलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या आसातील पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली असते. या प्रकारास हायपॉइड म्हणतात. पॅकार्ड मोटारगाड्यांत १९२६ मध्ये तो आला आणि पुढे सर्वत्र रूढ झाला. या रचनेत दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसरतातही. त्यामुळे चक्रे शांत चालतात, परंतु तेलावर फार ताण येतो. साधे तेल दात्यांमधून पिळून निघून जाते आणि धातूवर धातू घासू लागतो. म्हणून या आसात अतिदाबासाठी सिद्ध केलेले, सामान्यतः जीएल-५ दर्जाचे गिअर तेलच घालावे लागते. तेच तेल न पाहता गिअरबॉक्समध्ये ओतणे मात्र योग्य नव्हे. काही गिअरबॉक्सांतील पितळी कड्यांना ते बाधते.

३. परिसरावरून निदान

मराठीत यंत्राच्या आवाजासाठी शब्दांची वाण नाही. घरघर, गुणगुण, खडखड, करकर, टकटक असे कितीतरी अनुकरणवाचक शब्द आपण वापरतो. परंतु एकाच आवाजाला एक जण घरघर म्हणतो, दुसरा गुरगुर आणि तिसरा नुसतेच ‘गाडी ओरडते’ म्हणतो. शिवाय आसाची नळी, पाटे आणि गाडीचा पत्रा यांतून आवाज वाहत जातो. मागून येणारा आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे बसल्या जागेवरून ठरविणे फसवे असते. मी फसलो तो येथेच. घरघर हे नाव मी दिले आणि नावालाच पुरावा समजलो.

मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतील एक परिचित उदाहरण घेऊ. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील ‘झ’ आपण निरनिराळे उच्चारतो. पहिला दंत्य, दुसरा तालव्य. हे दोन उच्चार कानाला वेगळे लागतात, एवढ्यावरून त्यांचे भाषेतील स्थान ठरत नाही. कोणत्या स्वराच्या आधी कोणता उच्चार येतो, हे पाहिल्यावर ‘माझा-माझी’मधील भेद परिसराने घडविलेला आहे असे कळते. उलट ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरे चार’मधील ‘चार’ ही आज्ञा यांत परिसर एकच असून अर्थ बदलतो. तेथे भेद परिसरावर ढकलता येत नाही. एकूण, ध्वनी कसा आहे याच्या जोडीला तो कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे पाहिल्याविना निर्णय होत नाही. मिस्त्रींनी आवाजाच्या बाबतीत नेमके हेच केले. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो, की सोडल्यावर? गाडी इंजिनाने ओढली जात असता पिनियन क्राऊनच्या दात्याची एक बाजू रेटते. पाय काढल्यावर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि दात्याची दुसरी बाजू भारावर येते. त्याबरोबर पिनियनवरील आडवा रेटाही उलटतो. ओढताना पिनियन क्राऊनपासून दूर लोटली जाते आणि उतारावर पाय काढल्यावर आत ओढली जाते. तिची बेअरिंगे घट्ट असतील तर ती हलत नाही. ती सैल झाली असतील, तर उतारावर पिनियन आत सरकते, दाते भलत्याच जागी भिडतात आणि ओरडू लागतात. म्हणून केवळ पाय काढल्यावर येणारा आवाज प्रथम पिनियनच्या बेअरिंगांकडे आणि तिच्या नटाकडे बोट दाखवितो. केवळ ओढताना येणारा आवाज दात्यांच्या ओढीच्या बाजूची झीज किंवा चुकीची बैठक सुचवितो. दोन्ही अवस्थांत सारखाच राहणारा आवाज बेअरिंगाचा असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न : सरळ रस्त्यावर येतो, की वळणावर? सरळ जाताना केजमधील लहान चक्रे पिनेभोवती फिरत नाहीत, हे वर सांगितलेच आहे. जे फिरत नाही त्याचा आवाज कसा येणार? तेव्हा फक्त वळणावर येणारी करकर त्या चक्रांची, त्यांच्या पिनेची किंवा त्यांखालील चकत्यांची असते. चाकाचे बेअरिंग खराब असेल तर आवाज सरळ रस्त्यावरही येतो आणि गाडी एका अंगास झुकली, की कमीअधिक होतो. ॲक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याने मात्र त्यात फारसा फरक पडत नाही.

तिसरा प्रश्न : त्याच वेगात गिअर बदलला तर काय होते? गाडीचा वेग कायम ठेवून वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये यावे. इंजिनाचे फेरे वाढतात, परंतु मागच्या आसाचे फेरे तेवढेच राहतात. आवाजाची पट्टी चढली, तर दोष इंजिनाकडे किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाकडे शोधावा. ती तशीच राहिली, तर गिअरबॉक्सच्या मागे. सर्वांत वरच्या गिअरमध्ये या गाडीची शक्ती गिअरबॉक्समधून थेट जाते. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये नाहीसा होऊन इतर गिअरमध्ये येणारा आवाज गिअरबॉक्सचाच समजावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मी इतके दिवस आवाज ऐकत होतो, पण माझा पाय त्या क्षणी कोठे होता, याकडे लक्ष दिले नव्हते. उत्तर दिले ते मागे बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही उतारावर पाय काढलात की यायचा. पुन्हा दाबलात की थांबायचा. वळणाशी त्याचा संबंध नव्हता. घाटात उतार आणि वळण एकत्र येतात, म्हणून तुम्हांला तसे वाटले.’ दोन परिसर एकत्र आले असता त्यांतील कारण कोणते, हे वेगळे काढण्याचा धडा मी वर्गात देत असे. तो तिने येथे लावून दाखविला.

जीपमध्ये एक गुंतागुंत उरते. ट्रान्स्फर बॉक्समधील दंतचक्रेही चाकांच्या वेगाच्या प्रमाणात फिरतात. म्हणून वरील तिन्ही प्रश्नांनी त्याच्यावरचा संशय पूर्णपणे फिटत नाही. तेथे एक घटक काढून पाहण्याची युक्ती चालते. मागचा शाफ्ट सोडवावा, पुढच्या चाकांची जोडणी लावावी आणि सपाट रस्त्यावर थोडे अंतर हळू चालवून पाहावे. मागचा आस आता फिरतो, पण भार वाहत नाही. भाराबरोबर येणारा आवाज गेला, तर दोष मागच्या आसात आहे. तो कायम राहिला, तर ट्रान्स्फर बॉक्स तपासावा. या जातीच्या ज्या गाड्यांत हातब्रेक शाफ्टवर असतो, तेथे मागचा शाफ्ट सोडल्यावर तो मागच्या चाकांना धरत नाही. म्हणून प्रथम चाकांना दगड लावावेत. अर्थात ही परीक्षा आवाज नुसता घरघरीचा असेल तेव्हाची. ठोके ऐकू येऊ लागल्यावर गाडी चालवून पाहू नये.

४. पट्टी आणि ठोके यांचे गणित

ध्वनिशास्त्राचा थोडा अभ्यास असणाऱ्यास आकड्यांची मदत होते. जीपच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरू. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगाने जाताना चाक सेकंदाला साधारण ४.५ वेळा फिरते. क्राऊनला ४३ दाते. तेव्हा सेकंदाला सुमारे १९५ दाते एकमेकांस भिडतात. स्त्रीच्या नेहमीच्या बोलण्यातील आवाजाची मूळ वारंवारता २०० च्या आसपास असते. म्हणजे या वेगाला दात्यांची गुणगुण सामान्यतः त्या पट्टीत ऐकू येते आणि वेग दुप्पट झाला, की एक सप्तक चढते. बेअरिंगाची घरघर मात्र अशा एका स्वराची नसते. ती खरखरीत आणि पसरट असते. त्यांतही पिनियनची बेअरिंगे क्राऊनच्या बेअरिंगांपेक्षा पाचपटीहून अधिक वेगाने फिरतात, म्हणून त्यांचा आवाज बारीक आणि दाट असतो.

ठोक्यांचे गणित याहून सोपे आणि अधिक निर्णायक. तुटलेला दाता क्राऊनचा असेल, तर चाकाच्या एका फेरीस एक ठोका पडेल. पिनियनचा असेल, तर चाकाच्या आठ फेऱ्यांत ४३ ठोके पडतील. मिस्त्रींनी गाडीची पुढची चाके दगडांनी अडविली, मागचा आस जॅकवर घेऊन स्टँडवर टेकविला, शाफ्ट सोडविला आणि पिनियनचे टोक हाताने सावकाश फिरविण्यास मला सांगितले. शाफ्ट सुटल्यामुळे त्याचे क्रॉस आणि ट्रान्स्फर बॉक्स संशयातून बाद झाले. प्रत्येक फेरीत एकदा, त्याच जागी, हाताला अडखळ लागत होती. दोष पिनियनच्या दात्याचा होता.

८ आणि ४३ या संख्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता पाळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दात्यास भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. योजना हेतुपूर्वक केलेली असते. परंतु दाता तुटल्यावर हाच गुण घातक ठरतो. चाकाच्या आठ फेऱ्यांत, म्हणजे अवघ्या साडेसतरा मीटरांत, तो तुटका दाता क्राऊनच्या सर्व ४३ दात्यांवर आपटून जातो. ‘पुढच्या गावापर्यंत हळूहळू जाऊ’ हा विचार ठोके ऐकू आल्यावर का करू नये, याचे उत्तर या हिशेबात आहे.

५. उघडणी आणि दुरुस्ती

आसामागचे झाकण काढण्यापूर्वी तेल स्वच्छ परातीत काढून घ्यावे. बोटांत मळल्यावर राखी रंगाची मऊ साय लागली, तर ती नेहमीची झीज होय. चकचकीत पापुद्रे दिसल्यास बेअरिंगाच्या पृष्ठाची साल निघत आहे असे समजावे. जाड, कोनदार तुकडे दात्याचे असतात. तेल दुधाळ असेल, तर पाणी शिरलेले आहे. ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाड्यांत हे नेहमी आढळते. आमच्या परातीत पापुद्रेही निघाले आणि नखाएवढा एक तुकडाही.

कारण लवकरच सापडले. पूर्वी कधीतरी पिनियनचे ऑइल सील बदलताना तिचा नट पुरेसा आवळला गेला नव्हता आणि त्याची स्प्लिट पिन बसविलीच नव्हती. नट हळूहळू सैल झाला, बेअरिंगांवरील दाब गेला, पिनियन मागेपुढे सरकू लागली आणि शेवटी दाता तुटला. पहिल्या घरघरीच्या वेळी हा नट तपासला असता, तर काम बेअरिंगांवर आणि एका पिनेवर भागले असते. मी चाकाचे नाव घेतले, म्हणून कोणी तिकडे पाहिलेच नाही.

दुरुस्तीचे मुख्य नियम असे. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असते आणि दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एक तुटली तरी दोन्ही बदलावयाची. क्राऊनच्या बेअरिंगांवरील टोप्या जागेवर बसवूनच कोरलेल्या असतात. त्या काढण्यापूर्वी डावी-उजवी अशा खुणा कराव्यात, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. दात्याचे तुकडे आसाच्या नळीतही जातात. एक्सल काढून ती आतून धुऊन घेतल्याविना नवी जोडी बसवू नये. नाहीतर जुना तुकडा नव्या दात्यांचा घात करतो.

नंतर मापे. पिनियन किती खोल बसावी, हे तिच्या बेअरिंगाखालील पातळ शिम ठरवितात. तिच्या तोंडावर कोरलेला अंक प्रमाण खोलीपासून किती हजारांश इंचाचा फरक आहे ते सांगतो. बेअरिंगांवर मोकळे असतानाही थोडा दाब राहावा लागतो, त्यास पूर्वभार म्हणता येईल. तो गाडीच्या नियमपुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोजून ठेवावा. ‘हाताला बरा लागला’ हे माप नव्हे. शेवटी क्राऊन व पिनियन यांच्या दात्यांमधील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजने क्राऊनच्या तीन-चार ठिकाणी मोजावी. ती सामान्यतः पाच ते दहा हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असते. निरनिराळ्या ठिकाणी तिच्यात मोठा फरक आढळला, तर क्राऊन वाकडा बसला आहे. त्याच्या बैठकीखाली कचरा अडकला असण्याचा संभव असतो.

६. शेंदराची साक्ष

मापे जुळली तरी काम पुरे होत नाही. दाते प्रत्यक्षात कोठे भिडतात हे पाहावे लागते, आणि येथे मिस्त्रींनी जे केले ते पाहून मला हर्ष झाला. त्यांनी तेलात शेंदूर कालविला, क्राऊनच्या काही दात्यांवर त्याचा पातळ लेप दिला, क्राऊनला लाकडाने किंचित अडवून पिनियन दोन्ही दिशांना फिरविली आणि लेप कोठे पुसला गेला ते दाखविले. आपल्या प्रयोगशाळेतील तालुलेखनाची हीच रीत. कृत्रिम टाळूवर भुकटी पसरावी, ध्वनी उच्चारावा आणि जिभेने भुकटी कोठे पुसली ते पाहावे. उच्चारस्थान कानाने अनुमानिलेले असते, पण पुसलेली भुकटी ते प्रत्यक्ष दाखविते.

दात्यावरील खूण वाचण्याचा नियम सोपा आहे. ती दात्याच्या मध्यभागी, माथा व मूळ यांच्या दरम्यान असावी. ती माथ्याकडे सरकली असेल, तर पिनियन क्राऊनपासून दूर बसली आहे. तिला शिमने आत घ्यावी. मुळाकडे गेली असेल, तर पिनियन फार आत आहे. तिला बाहेर काढावी. खूण दात्याच्या आतल्या, अरुंद टोकाशी पडली, तर क्राऊन पिनियनपासून थोडा दूर सरकवून मोकळीक वाढवावी. बाहेरच्या, रुंद टोकाशी पडली, तर जवळ आणून ती कमी करावी. एक माप हलविले, की दुसरे थोडे बदलते. म्हणून शिम, मोकळीक आणि खूण यांची फेरतपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. आमच्या गाडीत चौथ्या खेपेस खूण मध्यावर आली. शेंदूर शिशाचा असतो, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुण्यास विसरू नये. आता या कामासाठी तयार रंगलेपही मिळतो.

नवी जोडी बसविल्यावर पहिले काही दिवस गाडी जड ओझ्याविना, मध्यम वेगाने आणि मधूनमधून थांबवून निववीत चालवावी. त्यानंतर तेल बदलावे.

७. समारोप

या बिघाडामुळे आमचे क्षेत्रकार्य दहा दिवस लांबले. ज्या वयोवृद्ध बाईंच्या ओव्या त्या खेपेस ध्वनिमुद्रित करावयाच्या होत्या त्या आम्हांला नंतर भेटल्या, हे आमचे भाग्य. अशा कामात दहा दिवसांचा उशीर नेहमीच भरून निघतो असे नाही. घाटात आम्ही सुखरूप राहिलो, त्यातही माझ्या ज्ञानाचा वाटा नव्हता.

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करून हा लेख संपवितो. गाडीत नवा आवाज आला, तर त्याला नाव देण्याची घाई करू नये. टिपणवहीत एका पानावर चार रकाने आखावेत : ओढताना, पाय काढल्यावर, वळणावर, आणि त्याच वेगात गिअर बदलल्यावर. प्रत्येकात आवाज आहे किंवा नाही, एवढेच लिहावे आणि ते पान मिस्त्रींच्या हाती द्यावे. ‘नाही’ हे उत्तरही ‘आहे’ इतकेच मोलाचे असते. माझ्या वहीत असे पान असते, तर एका नटाचे काम एका जोडीपर्यंत वाढले नसते.